नॉर्दर्न सोलच्या ओरिजिनल रेकॉर्ड्स: पारखणं, जमवणं, वाजवणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्दर्न सोल म्हणजे नेमकं काय?

संगीत अमेरिकेचं आणि बारसं इंग्लंडमध्ये झालेलं, असा हा प्रकार. १९६० च्या दशकाच्या मध्यावर डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया या शहरांतल्या कृष्णवर्णीय गायकांनी मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या यशाकडे बघून शेकडो छोट्या लेबलांवर (रेकॉर्ड कंपन्यांच्या नावांवर) वेगवान, ठसठशीत ठेक्याच्या सिंगल्स, म्हणजे दर बाजूला एक गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, काढल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेत आपटल्या. त्याच पुढे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आणि मिडलँड्समधल्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत रात्र-रात्र नाचायला वाजू लागल्या.

हे नाव रूढ केलं पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी. लंडनमधल्या त्यांच्या 'सोल सिटी' दुकानात उत्तरेकडून फुटबॉलचे सामने बघायला आलेली मुलं शिरायची. तेव्हा फंक या नव्या शैलीची लाट होती, पण ही मुलं जुनी वेगवान गाणीच मागायची. या गिऱ्हाइकांना काय दाखवायचं हे दुकानातल्या लोकांना एका शब्दात कळावं म्हणून 'नॉर्दर्न सोल'. १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या सदरातून तो शब्द छापून आला.

ठिकाणांची नावं कानावर असू द्या, कारण रेकॉर्डची ओळख अजूनही 'ही टॉर्चची', 'ती मेकाची' अशी करून दिली जाते. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील, स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या टनस्टॉलचा गोल्डन टॉर्च, वुल्व्हरहॅम्प्टनचा कॅटाकॉम्ब्ज, ब्लॅकपूल मेकाचा हायलंड रूम आणि विगन कसिनो (२३ सप्टेंबर १९७३ ते ६ डिसेंबर १९८१). लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या १०० क्लबमधल्या ऑलनायटरना, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या कार्यक्रमांना, नंतर मोठं नाव मिळालं.

'ओरिजिनल' कशाला म्हणायचं?

ज्या लेबलने गाणं पहिल्यांदा बाजारात आणलं, त्याच लेबलची, त्याच वेळी प्रेस झालेली तबकडी. या व्याख्येभोवती बरंच राजकारण चालतं, म्हणून प्रकार नीट वेगळे करून घ्या.

इश्यू म्हणजे दुकानात विकायला आलेली प्रत. डेमो किंवा प्रोमो म्हणजे रेडिओवाल्यांना फुकट वाटलेली प्रत. अमेरिकेत बहुधा पांढऱ्या लेबलची, ब्रिटनमध्ये लेबलवर मोठा 'ए' असलेली. दोन्ही ओरिजिनल. काही गाण्यांच्या बाबतीत डेमो सहज सापडते आणि इश्यू दुर्मीळ असते, कारण रेडिओला वाटून झाल्यावर पुढे विकायला फारशा प्रती काढल्याच नाहीत. 'डेमो म्हणजे महाग' हा नियम म्हणूनच कामाचा नाही.

त्याच काळात स्टेटसाइड, लंडन, स्यू किंवा टॅमला मोटाउन अशा लेबलांवर निघालेली ब्रिटिश प्रतही बहुतेक ठिकाणी ओरिजिनल म्हणून चालते. काही कडक मंडळी 'जिथे जन्मली तिथलीच' असा आग्रह धरतात.

पाय डिस्को डिमांड, ग्रेपव्हाइन, कसिनो क्लासिक्स ही १९७० च्या दशकातली ब्रिटिश लेबलं मुख्यतः परवानगी घेऊन केलेल्या पुनर्मुद्रणाची. त्यांना बूटलेग म्हणणं चूक आहे. इथे एक गंमतही आहे. १९६० च्या दशकात टेपवर राहून गेलेलं गाणं ग्रेपव्हाइनने किंवा नंतर केंट या ब्रिटिश लेबलने प्रथम काढलं असेल, तर तीच तबकडी त्या गाण्याची ओरिजिनल ठरते. १०० क्लबच्या वर्धापनदिनाच्या ऑलनायटरला केंटने काढलेल्या खास सिंगल्स याच हिशेबाने जमवल्या जातात.

बूटलेग म्हणजे विनापरवाना नक्कल. हिच्याबद्दल पुढे सविस्तर.

ओरिजिनलच का वाजवायची? गाणं तर तेच आहे.

यावर तीन उत्तरं दिली जातात, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिलं उत्तर आवाजाचं. १९६० च्या दशकातल्या सिंगल्स ज्यूकबॉक्स आणि एएम रेडिओ डोळ्यांसमोर ठेवून मोनोमध्ये, भरपूर जोरात कापलेल्या (खाचेत कोरून उतरवलेल्या) असतात. हॉलमध्ये त्या अंगावर येतात. हे खरं आहे, पण मूळ टेपवरून केलेलं चांगलं पुनर्मुद्रण झिजलेल्या ओरिजिनलपेक्षा सरस वाजतं, हेही तितकंच खरं.

दुसरं उत्तर कलाकाराच्या हक्काचं. बूटलेगमधून गायकाला छदाम मिळत नाही. पण तुम्ही शंभर पाउंड मोजून घेतलेल्या जुन्या ओरिजिनलमधूनही त्याला काहीच मिळत नाही. पैसे पोचतात ते अधिकृत पुनर्मुद्रणातून. तेव्हा या मुद्द्यावर फार ताठ मानेने बोलू नये.

तिसरं उत्तर सगळ्यात प्रामाणिक: ही या मैफलीची शिस्त आहे. तबकडी शोधायची, पारखायची आणि धोका पत्करून शंभर लोकांसमोर वाजवायची. फाइल उतरवून घेणाऱ्याला आणि वर्षानुवर्षं शोधणाऱ्याला एकच व्यासपीठ दिलं, तर शोधणारे थांबतील आणि नवं काही सापडायचंही थांबेल. जाहिरातीवर 'ओव्हीओ' म्हणजे 'ओरिजिनल व्हायनल ओन्ली' लिहिलेलं असेल, तर हा नियम पाळणं तुमच्यावर बंधनकारक आहे. लिहिलेलं नसेल तर आयोजकाला आधी विचारा.

बूटलेग कशी ओळखायची?

लेबल बघून फसाल. डेड वॅक्स वाचायला शिका. गाणं संपल्यावर लेबलभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो तो डेड वॅक्स. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा आणि दहापट भिंग लावा. तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या साच्याचा ओळख क्रमांक असतो, शिवाय कापणाऱ्या स्टुडिओची किंवा प्रेसिंग कारखान्याची खूण असते.

नेहमी भेटणाऱ्या खुणा अशा: वर्तुळातलं 'एमआर' हे लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याचं. त्याच्या सोबत त्रिकोण आणि आकडा असतो, त्याला डेल्टा नंबर म्हणतात. दुसऱ्या बाजूच्या त्याच आकड्यापुढे 'एक्स' असतो. डेल्टा नंबर कालक्रमाने चढत गेलेले असल्याने त्यावरून तबकडी कधीची हे कळतं. तिरप्या वळणाचं 'एआरपी' म्हणजे मिशिगनमधल्या ओवोसोची अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग. डेट्रॉइटच्या असंख्य सिंगल्स तिथे निघाल्या. 'बेल साउंड' आणि 'ऑडिओ मॅट्रिक्स' न्यूयॉर्कचे, 'नॅशव्हिल मॅट्रिक्स' नावाप्रमाणेच, 'व्हर्च्यू स्टुडिओ' फिलाडेल्फियाचा. सिनसिनाटीच्या राइट कारखान्याचा स्वतःचा क्रमांक असतो. गावोगावची हौशी मंडळी त्यांच्याकडून पदरच्या पैशाने थोड्या प्रती काढून घेत.

आता शिक्क्याच्या जागी हाताने खरडलेला नंबर दिसला, तर ती बूटलेग का? ओरिजिनलवर यंत्राचा शिक्का असल्याचं पक्कं ठाऊक असेल, तर होय. पण कित्येक छोट्या लेबलांच्या ओरिजिनलवरही नंबर हातानेच कोरलेला आहे. म्हणून त्याच रेकॉर्डच्या खात्रीच्या प्रतीशी ताडून बघणं हाच मार्ग. ४५कॅट आणि डिस्कॉग्ज या सूचींवर बऱ्याच सिंगल्सची डेड वॅक्स अक्षरं उतरवलेली आहेत.

बाकी खुणा पुढच्या. लेबलवरची बारीक अक्षरं भरलेली, कडा पसरलेल्या, म्हणजे लेबलचा फोटो काढून पुन्हा छापलंय. रंग एखादी छटा इकडेतिकडे. डेड वॅक्सची रुंदी वेगळी. सगळ्यात बोलकी खूण कानाला कळते: तबकडी चकाचक, ओरखडा नाही, तरी आवाजात टकटक आणि खरखर. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी झिजलेल्या तबकडीवरून ती उतरवली आहे. ही टकटक धुऊन जात नाही.

उलटी चूकही नवशिक्यांकडून होते. मोठं लेबल एकच सिंगल पूर्वेला एका आणि पश्चिमेला दुसऱ्या कारखान्यात प्रेस करून घ्यायचं. दोन्ही प्रतींची अक्षरं, कागद, प्लास्टिकसुद्धा वेगळं, आणि दोन्ही ओरिजिनल. वेगळी दिसते म्हणून लगेच विक्रेत्याला खोटा ठरवू नका.

स्टायरीन म्हणजे काय? सगळे त्याला एवढे का घाबरतात?

अमेरिकन सिंगल्स दोन प्रकारच्या प्लास्टिकमध्ये निघाल्या. व्हायनलचा गोळा दोन साच्यांत दाबून तबकडी होते आणि लेबल त्याच दाबात पक्कं बसतं. स्टायरीन वितळवून साच्यात भरलं जातं आणि लेबल मागाहून चिकटवतात किंवा थेट प्लास्टिकवर छापतात. कोलंबियाचे कारखाने आणि मोनार्क यांनी स्टायरीन भरपूर वापरलं. त्यामुळे 'ओके' (OKeh) सारख्या लेबलाच्या सिंगल्स घेताना हा प्रश्न हटकून येतो.

ओळखायचं असं: कडेला नखाने हलकं टिचकावा. व्हायनल 'ठप' वाजतं, स्टायरीन कपबशीसारखं 'टिक'. स्टायरीन वाकत नाही. चिकटवलेल्या लेबलची कड नखाला लागते, जुन्या प्रतींवर ते सुटून फुगलेलंही दिसतं.

अडचण ही की स्टायरीनची खाच लवकर झिजते, आणि एकदा झिजली की मोठ्या आवाजाच्या जागी कायमची फरफर येते. दिसायला तबकडी नवी कोरी असू शकते. म्हणून स्टायरीन नुसती बघून घेऊ नये, शेवटच्या तीस सेकंदांसकट ऐकून घ्यावी. आतल्या खाचांत तोच वेळ कमी लांबीत कोंबलेला असतो, त्यामुळे झीज तिथे आधी ऐकू येते.

दुसरं दुखणं क्यू बर्न. सुरुवातीचा सूर शोधायला डीजे तबकडी मागे-पुढे घोळवतो, सुई उलट्या दिशेने खाचेच्या भिंती खरवडते आणि गाण्याच्या तोंडाशी 'श्श्श' बसतो. आधीच्या पन्नास वर्षांत कुणा रेडिओवाल्याने हे करून ठेवलेलं असतं. तुम्ही त्यात भर घालू नका.

सुई आणि वजन किती ठेवावं?

गोल टोकाची, म्हणजे कॉनिकल सुई. लंबगोल टोकाची सुई घरी ऐकायला उत्तम, पण स्टायरीनवर आणि धक्के बसणाऱ्या डेकवर (टर्नटेबलवर) नको. शुअर एम४४-७ वर्षानुवर्षं या कामाची होती. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजेस (सुई जिच्यात बसते ती डबी) बनवणं बंद केलं, तेव्हा जुन्या साठ्यातली खरी सुई आणि नकली सुई यात आता सावध राहावं लागतं. ऑर्टोफॉनच्या कॉनिकल टोकाच्या डीजे सुया आज सहज मिळतात.

वजन कारखान्याने दिलेल्या मर्यादेतच ठेवा. डीजे सुयांना ते बहुधा ३ ते ४ ग्रॅम असतं. सुई उडते म्हणून टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांडीवर) नाणं ठेवणं हा उपाय नाही. उडण्याचं कारण सहसा हादरे, वाकडी तबकडी किंवा सुईला लागलेला कचरा असतं. सुईचं वजन मोजणारा डिजिटल सुई-काटा घ्या. टोनआर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. दोन्ही डेकवर एकाच जातीची, साधारण एकाच वयाची सुई हवी, नाहीतर दर गाण्याला आवाजाचा पोत बदलतो.

अमेरिकन सिंगलच्या मोठ्या भोकाचं काय करायचं?

अमेरिकन भोक सुमारे ३८ मिलिमीटर, टर्नटेबलचा खिळा ७ मिलिमीटरचा. मध्ये अडॅप्टर लागतो. जड, धातूचा, घट्ट बसणारा घ्या, आणि दोन घ्या, कारण ठिकाणावरचे हमखास कुणीतरी नेलेले असतात. प्लास्टिकचे पातळ अडॅप्टर प्रवासात गळून पडतात.

अडॅप्टर ढिला असेल तर तबकडी केंद्रापासून सरकते. गाण्याच्या शेवटाकडे सुई केंद्रापासून साधारण ६० मिलिमीटरवर असते. तिथे एक मिलिमीटर सरकलं की दर फेऱ्याला वेग पावणेदोन टक्क्यांपर्यंत वर-खाली होतो. लांब लावलेल्या सुरात हा हेलकावा स्पष्ट कळतो. कधी कधी मात्र भोकच कारखान्यात चुकीच्या जागी पडलेलं असतं. मोठ्या भोकाची तबकडी थोडी सरकवून तेवढं जुळवता येतं.

ब्रिटिश सिंगलचं मूळ लहान भोक ज्यूकबॉक्ससाठी कापून मोठं केलं असेल तर तिला 'डिंक्ड' म्हणतात. वाजायला फरक नाही, किमतीला आहे.

टर्नटेबल कोणतं?

टेक्निक्स एसएल-१२००, किंवा थेट मोटरचं त्याच धर्तीचं दुसरं. पट्ट्यावर चालणारं नको, सुरू व्हायला वेळ घेतं. पिचचा (वेग कमी-जास्त करायचा) दांडा शून्यावर ठेवा आणि तिथेच राहू द्या. इथे ठेक्यावर ठेका जुळवून मिसळायची पद्धत नाही.

मग डीजे करतो काय? गाणं सुरू कसं करायचं?

गाणं पहिल्या सुरापासून शेवटचा सूर विरेपर्यंत पूर्ण वाजवायचं, आणि पुढचं गाणं अचूक क्षणी, योग्य आवाजात सुरू करायचं. ऐकायला सोपं वाटतं.

व्हायनलसाठी: हेडफोनवर ऐकत सुई सुरुवातीच्या कोऱ्या खाचेत ठेवा. पहिला सूर आला की मोटर थांबवा. तबकडी हाताने हळू, सलग, एकदाच मागे फिरवा. बटण दाबून सुरू करणार असाल तर पहिल्या सुराच्या सुमारे अर्धा फेरा मागे थांबा. टेक्निक्सला पूर्ण वेग पकडायला सेकंदाच्या आतबाहेर लागतो, तेवढ्यात ते अंतर सरतं. कमी मागे घेतलंत तर गाणं 'वूऽप' करत चढतं आणि सगळ्या हॉलला कळतं. फेल्टच्या स्लिपमॅटवर (थाळीवरच्या निसरड्या चकतीवर) तबकडी धरून खाली थाळी फिरती ठेवली तर पाव फेऱ्याहून कमी पुरतं, पण हलक्या सात इंचीखाली स्लिपमॅट गोळा होणार नाही याकडे लक्ष द्या.

स्टायरीनसाठी: मागे फिरवूच नका. आधी ऐकून सुई ठेवल्यापासून पहिल्या सुरापर्यंत किती सेकंद जातात ते मोजा, पाकिटावर पेन्सिलने लिहा, मग सुई उचलून पुन्हा कडेला ठेवा, मोटर बंद ठेवा आणि तेवढे सेकंद आधी बटण दाबा. सुरुवातीची खरखर ऐकू जाऊ नये म्हणून फेडर (मिक्सरवरचा आवाजाचा सरकता दांडा) सुराच्या क्षणी उघडा.

प्रत्येक रेकॉर्डचा आवाज वेगळा का?

कारण त्या वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या बजेटमध्ये कापल्या आहेत. डेट्रॉइटची एक सिंगल मीटर लाल करते, आणि पाठोपाठ लावलेली एखाद्या गावठी लेबलाची तिच्यापुढे दुसऱ्या खोलीत वाजतेय असं वाटतं. दर गाण्याआधी हेडफोनवर सगळ्यात जोराचा भाग ऐकून मिक्सरचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) लावा. मीटर शून्याच्या आसपास राहिला की पुरे. त्या रेकॉर्डला गेन किती लागला तेही पाकिटावर लिहा. पाकिटावर! लेबलवर काहीही लिहू नका, अगदी पेन्सिलनेसुद्धा.

मिक्सरला मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो तबकडीचं संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येते ती फक्त खरखर, आणि दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ती बरीचशी आपसूक रद्द होते.

लाकडी फ्लोअरवर लोक नाचले की सुई उडते, आवाज घुमतो. काय करू?

जुन्या बॉलरूमचा फ्लोअर लवचिक असतो, नाचणाऱ्यांना म्हणूनच आवडतो, आणि डेकला त्याच कारणाने सोसत नाही. डेकचं टेबल भिंतीला लागून, शक्यतो स्टेजच्या पक्क्या भागावर लावा. टेबलावर जाड फोम, त्यावर काँक्रीटची किंवा शहाबादी फरशी, त्यावर डेक. फोम नसेल तर सायकलच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूबा. सबवूफर डेकच्या खाली किंवा लगत कधीही नको. घुमायला लागलं तर आधी बास कमी करा. सगळा आवाज कमी करणं शेवटचा उपाय.

आणि टाल्कम पावडर. नाचताना पाय सरकावेत म्हणून लोक फ्लोअरवर पावडर टाकतात. ती हवेत उडून खाचेत आणि सुईवर बसते. हल्ली अनेक ठिकाणी घसरण्याच्या भीतीने बंदी आहे, तरी कुणाच्या ना कुणाच्या खिशात डबा असतोच. दर दोन-तीन गाण्यांनी सुई मागून पुढे मऊ ब्रशने पुसा आणि वाजून झालेली तबकडी लगेच पाकिटात घाला.

एका तासाला किती रेकॉर्ड्स लागतात?

गाणी सव्वादोन ते पावणेतीन मिनिटांची. मध्ये दोन शब्द बोललात तर तासाला २० ते २२. पेटीत ४० ते ५० न्या, कारण आधीच्या डीजेने तुमची निम्मी गाणी वाजवलेली असू शकतात. म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि कान उघडे ठेवा. एका रात्रीत एक रेकॉर्ड दोनदा वाजणं हा ती दुसऱ्यांदा लावणाऱ्याचा दोष असतो.

दमवून टाकणारे सहा स्टॉम्पर (दणदणीत ठेक्याची वेगवान गाणी) सलग लावू नका. चार वेगवान, मग एक मध्यम लयीची, असं केलं तर फ्लोअर भरलेला राहतो. कुणी ओळखत नाही अशी रेकॉर्ड सगळ्यांच्या ओळखीच्या दोन रेकॉर्ड्सच्या मध्ये ठेवा. माइकवर गायक आणि लेबल सांगा. इथले लोक त्यासाठी कान टवकारून असतात.

कव्हर-अप हा काय प्रकार आहे?

आपल्याकडची अनोळखी रेकॉर्ड प्रतिस्पर्ध्याने शोधू नये म्हणून डीजे लेबलवर कागद चिकटवतो आणि गायकाचं खोटं नाव सांगतो. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फ्रँक विल्सनच्या 'डू आय लव्ह यू' या १९६५ च्या गाण्याचं; ते आधी 'एडी फॉस्टर' या नावाने वाजत होतं. आज फोनवर गाणं ओळखता येतं, त्यामुळे कव्हर-अपचं आयुष्य कमी झालंय, प्रथा मात्र आहे. कागद चिकटवायचाच असेल तर पाकिटाचा पांढरा कागद कापून वर ठेवा, गोंद किंवा टेप लेबलला लावू नका.

लाखो रुपयांना विकली गेल्याची बातमी येते ती रेकॉर्ड हीच का?

हीच. मोटाउनच्या 'सोल' या उपलेबलावर निघायची होती, पण बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली, आणि जगात मोजक्या प्रती उरल्या. २००९ मध्ये एक प्रत २५,००० पाउंडांहून अधिक किमतीला गेली, २०२० मध्ये आकडा एक लाख पाउंडांवर पोचला. गाणंच हवं असेल तर १९७९ ची ब्रिटिश टॅमला मोटाउन प्रत आहे.

या बातम्यांनी नवशिक्यांची समजूत होते की हा श्रीमंतांचा खेळ. तसं नाही. अमेरिकेत जी गाणी गाजली ती भरपूर छापली गेली. एडविन स्टारचं रिक-टिक लेबलवरचं 'एजंट डबल-ओ-सोल' किंवा डोबी ग्रेचं चार्जर लेबलवरचं 'द इन क्राउड' ही दोन्ही १९६५ ची हिट गाणी, ओरिजिनल सहज मिळतात. त्याच डोबी ग्रेचं, त्याच लेबलवरचं 'आउट ऑन द फ्लोअर' तेव्हा चाललं नाही, म्हणून ते अधिक शोधावं लागतं. किंमत गाण्याच्या गुणांवर ठरत नाही. किती छापली आणि किती लोक तिच्यावर नाचू पाहतात, यावर ठरते.

प्रत्यक्ष खरेदी करताना काय बघू?

विक्रेत्याची प्रतवारी कुठल्या देशाची ते आधी. अमेरिकन 'व्हीजी प्लस' ('व्हेरी गुड'च्या वरची प्रत) साधारण ब्रिटिश 'एक्सलंट'च्या जवळ जाते. ब्रिटिश 'व्हीजी' म्हणजे बऱ्यापैकी वाजलेली. 'डब्ल्यूओएल' म्हणजे लेबलवर लिहिलेलं, 'एसओएल' म्हणजे स्टिकर. लेबलमधून पाडलेलं बारीक भोक म्हणजे न खपलेला माल स्वस्तात काढल्याची खूण. वाजायला काही फरक पडत नाही, किंमत थोडी उतरते.

विक्रेत्याला चार गोष्टी लिहून विचारा: व्हायनल की स्टायरीन, डेड वॅक्समध्ये अक्षरशः काय लिहिलंय, वाजवून बघितली का, आणि कडेला तडा आहे का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या, दुसरी येते. भाव ठरवायला मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकली गेलेली बघा. जुन्या लिलावांच्या नोंदी पॉपसाइकवर सापडतात.

पार्सल कसं हवं तेही सांगा. तबकडी साध्या पाकिटात, तिच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठे, एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही. स्टायरीन वाकत नसल्याने थेट तुटते, तिला पुठ्ठा जास्त हवा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी अमेरिकेतून मागवताना २० टक्के व्हॅट धरावा. १३५ पाउंडांपर्यंतच्या मालावर तो विक्रीच्या वेळीच वेबसाइट कापते. भारतात मागवलीत तर कर टपालखर्च धरून होणाऱ्या किमतीवर लागतो, म्हणून एकेक मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून पाच-सात एकत्र घ्या.

मुंबई-पुण्यात अशा रेकॉर्ड्स मिळतात का?

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या तबकड्या भरपूर आहेत, पण बहुतेक हिंदी चित्रपटांच्या आणि पाश्चात्त्य पॉपच्या एलपी. अमेरिकन छोट्या लेबलाची सोल सिंगल तिथे मिळाली तर नशीब. तरी सात इंची गठ्ठे उपसून बघा. डोळा तयार व्हायला त्याहून स्वस्त शाळा नाही.

धुवायच्या कशा?

डिस्टिल्ड पाणी, लिटरला दोन-तीन थेंब फोटोग्राफीचं वेटिंग एजंट, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मग स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, आणि मायक्रोफायबर कापड. लेबलवर पाणी नको. स्टायरीनचं चिकटवलेलं लेबल सुटतं. स्टिकर काढायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन स्टायरीनजवळ नेऊ नका, तबकडी विरघळते. फेविकॉलचा थर देऊन सोलून काढायची युक्ती व्हिडिओंत दिसते, ती स्टायरीनवर मुळीच करू नका.

घरात आजोबांच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्या लाखेच्या असतात. अल्कोहोल असलेलं कोणतंही क्लीनर त्यांना लावलं तर लाख विरघळते.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते. साठवायच्या कशा?

उभ्या, घट्ट न दाबता, जमिनीपासून निदान वीतभर वर, बाहेरच्या भिंतीपासून दूर. मूळ कागदी पाकीट वेगळं ठेवा आणि तबकडी पॉलिथिनच्या आतल्या पिशवीत. पीव्हीसीची पिशवी वापरू नका, ती कालांतराने तबकडीच्या पृष्ठभागावर दुधी थर सोडते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदला किंवा मंद आचेवर कोरड्या करा. बुरशी आलीच तर ती पेटी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

गाडीत ठेवून जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तापमान इतकं चढतं की तासाभरात तबकडीची परात होते.

एसिटेट आणि 'कार्व्हर' वाजवले तर चालतं का?

एसिटेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, त्यावर थेट कापलेलं गाणं. १९६० च्या दशकात स्टुडिओत चाचणीसाठी कापलेलं असेल तर ते ओरिजिनलहून मौल्यवान. पण विगनच्या काळात दुर्मीळ रेकॉर्डवरून एमीडिस्क नावाच्या एसिटेटवर उतरवून घेतलेल्या प्रतीही वाजत, आणि त्यावरून तेव्हाही भांडणं झाली. लॅकर मऊ असतो, थोड्याच वाजवण्यांत उंच सूर झिजून जातात.

कार्व्हर म्हणजे आज एखादी फाइल लेथवर (खाच कापायच्या यंत्रावर) कापून घेतलेली एकुलती प्रत. ओव्हीओ रात्री ती चालत नाही. एकच सवलत सर्वसाधारणपणे दिली जाते: गाणं कधी प्रसिद्धच झालेलं नाही, टेप नव्याने सापडली आहे, आणि मालकाच्या संमतीने डीजेला ती प्रत मिळाली आहे. तेव्हा माइकवर तसं सांगून वाजवा.

दुसऱ्याच्या पेटीत हात घातला तर चालेल का?

नाही.